खेळ आणि जुगार एकाच पोत्यात भरू नका!

ऑनलाइन रमीत कुणी कर्जबाजारी झाला की आपल्या यवतमाळात सुरू होतं, "हे गेमच बंद करा!" थांबा भाऊ.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच महिन्यात कोनामीचा 'ग्रेडियस ओरिजिन्स' आला; १९८५ पासूनचे विमान-गोळीबाराचे आर्केड गेम, आता घरच्या टीव्हीवर. मीही खेळतो. एक गोळी लागली की विमान खलास, जमवलेली शस्त्रं गेली. पण संच एकदा घेतला की हरण्याचा रुपयाही लागत नाही. 'कॉन्ट्रा'वर वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

कायद्यालाही हा फरक कळतो. पोराच्या हातातला रिमोट हिसकण्याआधी गल्लीतला मटका बंद करा ना! तो कोणाच्या आशीर्वादाने चालतो, हे विचारायची हिंमत आहे?