कचरा जिथे पोहोचतो, तिथपर्यंत शेजार

2025 च्या मार्चमध्ये रमजानचा तिसरा अशरा सुरू झाला. या महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानले जातात. पहिला ईश्वरी कृपेचा, दुसरा क्षमेचा आणि हा तिसरा नरकाग्नीपासून सुटकेचा. या दहा दिवसांत मशिदींत रात्री जागवल्या जातात, काही जण घरदार बाजूला ठेवून एतेकाफला बसतात, घराघरांत जकातीचा हिशोब होतो. वर्षभरात काय मिळाले, किती उरले, त्यात गरजूंचा हक्क किती, हे पै-पैने मांडायचे हे दिवस. मीरा-भाईंदर शहराने याच दिवसांत आणखी एक हिशोब मांडायला हवा. तो पैशांचा नाही. शहर रोज काय टाकते आणि ते कोणाच्या दारात जाऊन पडते, याचा आहे.

2025 मध्ये दिनदर्शिकेत एक चांगला योग जुळून आला. 2 मार्चला रोजे सुरू झाले आणि 5 मार्चला राखेच्या बुधवारपासून ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ लागला. मीरा रोडच्या नयानगरात सूर्यास्ताची वाट पाहिली जाते, तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला उत्तन, पाली, चौक, डोंगरी या गावांतही अनेक घरांनी काही ना काही वर्ज्य केलेले असते. भाईंदरच्या जैन कुटुंबांना तर संयमाची शिकवण लहानपणापासूनच मिळते. जिभेला आवर घालणे म्हणजे काय, हे या शहराला वेगळे शिकवावे लागत नाही. पण या दोन टोकांमध्ये रोज धावणाऱ्या एका गाडीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ती आहे कचऱ्याची गाडी.

इफ्तारनंतरच्या नयानगरातल्या रस्त्यांवर काय उरते? कलिंगडाच्या साली, केळ्यांच्या साली, खजुराच्या बिया, अर्धवट खाल्लेली भजी, सरबताचे प्लॅस्टिकचे ग्लास, एकदा वापरून फेकलेल्या थाळ्या. हे चित्र एकट्या रमजानचे नाही. गणेशोत्सवातला भंडारा, नवरात्रातले गरबे, लग्नाचे हॉल, नाताळचे कार्यक्रम, सगळीकडे तेच. ओले-सुके एकत्र झालेला हा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर जातो. तिथे तो दाबला गेला, की ओला भाग हवेविना सडतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो. उन्हाळ्यात आग आणि धूर, पावसाळ्यात डोंगरावरून खाली झिरपणारे काळे पाणी, ही त्या परिसरातल्या गावकऱ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. मोर्चे झाले, निवेदने दिली गेली, आश्वासने मिळाली. डोंगर तसाच आहे.

इस्लाममध्ये शेजाऱ्याच्या हक्काला मोठे स्थान आहे. शेजारी उपाशी असताना जो स्वतः पोटभर जेवतो, तो खरा श्रद्धावान नव्हे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. शेजारी कोणत्या धर्माचा, ही अट त्यात नाही. चारही दिशांना चाळीस घरांपर्यंत शेजार मानावा, असे जुनी जाणती माणसे सांगत आली. ती मोजणी विहीर, चूल आणि उकिरडा एकाच वस्तीत असण्याच्या काळातली होती. ज्याला त्रास होऊ शकतो तो शेजारी, असा तिचा साधा अर्थ. आज एका घराचा त्रास चाळीस घरे ओलांडून कितीतरी किलोमीटर दूर जातो. मग शेजारही तिथपर्यंत न्यायला हवा. ज्याच्या डोंगरावर नयानगरचा, शांतीनगरचा, जेसल पार्कचा कचरा पडतो, तो उत्तनचा माणूस नयानगर, शांतीनगर, जेसल पार्क या तिघांचा शेजारी आहे.

पाण्याचेही तेच. हे शहर आपले पाणी स्वतः साठवत नाही. उल्हास नदी आणि बारवी धरण यांच्या भरवशावर ते आजवर जगले. आता सूर्या योजनेतून शहराला दररोज 218 दशलक्ष लिटर पाणी मिळायचे आहे. सूर्या प्रकल्पातली धामणी आणि कवडास ही धरणे पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी उभी राहिली. म्हणजे मीरा रोडच्या नळाला येणाऱ्या पाण्यात डहाणू-विक्रमगडच्या शेताचा वाटा असेल. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजू करताना पाणी वाया घालवू नये, ही शिकवण प्रत्येक मदरशात दिली जाते. प्रेषितांना वुजूसाठी एक ‘मुद’, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाणी पुरत असे. नळ सोडून केलेल्या आजच्या वुजूत किती पाणी जाते, हे बादली लावून पाहण्यासारखे आहे. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. ते गटारात सोडण्याऐवजी टाकीत साठवून झाडांना देणे फारसे अवघड काम नाही.

शेजाराचा हा प्रश्न 2025 मध्ये सगळ्यात तीव्रतेने उभा राहिला तो डोंगरीत. दहिसर ते भाईंदर मेट्रो 9 च्या कारशेडसाठी आधी राई, मुर्धा, मोर्वा या गावांच्या जागेचा विचार झाला. घरे आणि शेती जाणार म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला आणि तो रास्त होता. कारशेड मग डोंगरीकडे सरकली. तिथे टेकडीवरची 11 हजारांहून अधिक झाडे तिच्या वाटेत होती. महापालिकेने नोटीस काढून हरकती मागवल्या. उत्तन-डोंगरीच्या ग्रामस्थांबरोबर शहराच्या इतर भागांतूनही हरकती दाखल झाल्या.

या घटनाक्रमात एक धडा आहे. प्रत्येक वस्ती फक्त आपल्यापुरती उभी राहिली, तर संकट टळत नाही, पुढच्या वस्तीकडे जाते. मोर्व्याहून निघालेले डोंगरीत आले. कचराही असाच कोणाला आपल्या प्रभागात नको होता, म्हणून तो शहराच्या टोकावरच्या डोंगरावर गेला. ज्या गावांचा आवाज लहान, त्यांच्या वाट्याला ओझे मोठे. आंदोलन आपल्या अंगणात सुरू होते हे स्वाभाविक आहे. पण तिथेच संपले, तर त्याचा बोजा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात पडतो.

मेट्रो नको, असे मात्र कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. 2001 च्या जनगणनेत सुमारे 5 लाख 20 हजार असलेली या शहराची लोकसंख्या 2011 मध्ये 8 लाखांच्या वर गेली होती. मीरा रोड आणि भाईंदरच्या फलाटांवर सकाळी जे दिसते, ते पाहिल्यावर लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाला मेट्रो हवी असणे यात चूक नाही. रोजा धरून चर्चगेटपर्यंत उभ्याने जाणाऱ्याला तर नाहीच नाही. प्रश्न कारशेडच्या जागेचा होता. दुसरा पर्याय खरोखर तपासला का, एवढी झाडे कमी करता येतील का, बदल्यात लावायची झाडे कुठे लागणार आणि पाच वर्षांनी ती कोण मोजणार, हे विचारणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे. झाडे तोडली जाणार होती ती या शहराची, तेव्हा उत्तर मागण्याचा हक्कही या शहराचा.

हे विचारायची जागा कायद्याने दिलेली आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले. झाडे तोडण्यापूर्वी जाहीर नोटीस निघते, हरकतींसाठी मोजके दिवस मिळतात आणि वृक्ष प्राधिकरणापुढे विषय जातो. या मोजक्या दिवसांतच खरी लढाई असते. आरे कॉलनीचे उदाहरण फार जुने नाही. 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री तिथे तोड सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला ती थांबवली, तोवर 2 हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. पडलेल्या झाडाला स्थगिती मिळून उपयोग नसतो.

खारफुटीबाबतही कायदा कमी पडलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि 2018 च्या अंतिम निकालात ती राज्यभर कायम केली. तरीही खाडीकाठी रात्री डेब्रिजचे ट्रक रिकामे होतात. वसईची खाडी, मिठागरे आणि समुद्र यांनी वेढलेल्या शहरात भरतीचे पाणी जिरवणारी ही झाडे गेली, तर पावसाळ्यात पाणी तळमजल्यावर येणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ट्रक पाहून जो गाडीचा नंबर टिपतो, पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत तक्रार देऊन पोच घेतो, तोच खरा पर्यावरण कार्यकर्ता. त्याच्याकडे बहुधा टोपी नसते, टी-शर्टवर घोषणा नसते, त्याचा फोटोही छापून येत नाही.

स्वच्छता मोहिमा, सायकल फेऱ्या, वृक्षारोपणाचे कार्यक्रम वाईट नाहीत. त्यातून मुले येतात, ओळखी होतात. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हेसुद्धा दान आहे, ही शिकवण मुसलमान मुलाला लहानपणी मिळते. पण एका सकाळचे काम आणि सातत्याचे काम यांत फरक आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर 2015 मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. आठवड्यामागून आठवडे लोक येत राहिले. 2018 मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले दिसली. त्या कामाची सुरुवात दोन शेजाऱ्यांनी केली होती आणि ते टिकले रविवारमागून रविवार येत राहिलेल्या माणसांमुळे.

रमजानच्या सामूहिक इफ्तारांपासून मीरा-भाईंदरमध्ये अशी सुरुवात करता येईल. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार परवाना नसलेल्या जागी 100 पेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम घ्यायचा असेल, तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे लागत असे आणि कचरा जागेवरच वेगळा करण्याची जबाबदारी आयोजकाची असे. हा नियम इफ्तारला लागू होता, तसाच भंडाऱ्याला आणि गरब्यालाही. किती आयोजकांना तो ठाऊक होता? दोन मोठे डबे, एक ओल्याचा, एक सुक्याचा. स्टीलचे पेले आणि ताटे, जी धुवायला दहा तरुण सहज मिळतात. उरलेले अन्न वेळीच पोहोचवणारी एक दुचाकी. एवढ्याने धावगी डोंगर सपाट होणार नाही. पण त्याच्यावर पडणारी भर कमी होईल, आणि ओल्या कचऱ्याचे खत शहरातच करा, असे महापालिकेला ठणकावून सांगायचे तोंड राहील. उधळपट्टीला कुरआनने ‘इसराफ’ म्हणून नावे ठेवली आहेत. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी अन्न फेकणे रोज्याच्या हेतूत बसत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की नयानगरची स्वतःची दुखणी थोडी नाहीत. गटारे, पाणी, अरुंद रस्ते, पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या इमारती. त्यात डोंगरीच्या झाडांची चिंता कशाला? आक्षेप खरा आहे. पण नयानगरच्या गटारासाठी उत्तनचा माणूस उभा राहावा असे वाटत असेल, तर आधी कोणीतरी त्याच्यासाठी उभे राहावे लागेल. दुसरा आक्षेप, धर्माच्या महिन्यात महापालिकेचे विषय कशाला? जो धर्म शेजाऱ्याच्या भुकेचा जाब विचारतो, तो शेजाऱ्याच्या श्वासाचा विचारणार नाही, असे कसे मानायचे?

जानेवारी 2024 मध्ये या शहराने तणावाचे दिवस पाहिले आहेत. त्यानंतर शांतता समितीच्या बैठका झाल्या, त्या आवश्यकही होत्या. पण बैठकीतल्या ओळखी बैठकीपुरत्याच राहतात. एकाच अर्जावर नयानगरचा, उत्तनचा, भाईंदरचा माणूस सही करतो, एकाच सुनावणीला शेजारी शेजारी बसतो, तेव्हा होणारी ओळख जास्त टिकते. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात, रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात, देरासरात, मंडळाच्या कार्यालयात नोटिशीची साध्या मराठी-हिंदीतली प्रत आणि हरकतीचे कोरे अर्ज ठेवायला फार पैसा लागत नाही. नाव, पत्ता, हरकतीचे कारण, सही आणि महापालिकेची पोच. बस, एवढेच.

2025 मध्ये रविवारी गुढी पाडवा होता, पाठोपाठ ईद आली आणि एप्रिलमध्ये ईस्टर. ईदच्या नमाजपूर्वी फितरा द्यावा लागतो, कारण शेजारच्या घरात चूल पेटलेली नसताना ईद साजरी करता येत नाही. तो हिशोब करताना मीरा रोडच्या घरांनी धावगी डोंगराखालच्या घरांनाही शेजारात धरावे.