थंडीतला बग थंडीतच शोधावा

मंडळी, या वीकांताला जरा गाडीबद्दल. खरं म्हणजे गाडीच्या निमित्ताने बिलाबद्दल. माझं मत असं की आपल्याकडे मेकॅनिकला पार्ट बदलायचे पैसे मिळतात, विचार करायचे मिळत नाहीत. म्हणून पार्ट बदलले जातात.

उदाहरण घरचंच आहे. माझे मामा डिंगोऱ्याला असतात. जुन्नर तालुक्यात, ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना लागतं ते. त्यांच्याकडे बीएस-४ काळातली पेट्रोल गाडी आहे. उन्हाळाभर एकदम झकास. दिवाळी झाली, पहाटेची थंडी पडली की नखरे सुरू. स्टार्ट होते, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पिकअपच घेत नाही, झटके मारते. पाच-सात मिनिटांनी सगळं ठीक. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गावातून कल्याण-नगर हायवेवर चढताना समोरून ट्रक येतोय आणि गाडी ऐन वळणात दम सोडतेय, असं झालं की किरकोळ राहत नाही.

गॅरेजने आधी प्लग बदलले. मग पेट्रोल पंप. मग इंजेक्टर साफ केले. नऊ हजारांच्या वर गेले. मामा म्हणाले, "अरे, गॅरेजात नेली की शहाण्यासारखी चालते, घरी आली की पुन्हा तेच!"

या एका वाक्यात सगळं निदान आहे. गॅरेज अर्ध्या तासावर. गाडी तिथे पोचेपर्यंत इंजिन तापलेलं. म्हणजे जो आजार फक्त थंडीत होतो, तो तापलेल्या इंजिनात शोधत होते सगळे. आमच्या धंद्यात याला म्हणतात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' :)

आता थोडं तांत्रिक. पेट्रोल थंडीत नीट वाफ होत नाही, म्हणून थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. जुन्या गाड्यांना त्यासाठी हाताने ओढायचा चोक असायचा. आता हे काम इसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर करतो. इंजिन किती थंड आहे हे त्याला कूलंटमधला एक सेन्सर सांगतो. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सरही मिश्रण तपासतो, पण तो साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे पहिली काही मिनिटं इसीयू बऱ्याच अंशी त्या कूलंट सेन्सरच्या शब्दावर चालतो.

भारतात २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ आलं. स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटला स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला की हे आकडे मोबाईलवर दिसतात. मी एवढंच केलं: गाडी रात्रभर उघड्यावर उभी ठेवली आणि पहाटे स्टार्ट न करता फक्त चावी फिरवली. रात्रभर उभ्या गाडीत बाहेरून येणाऱ्या हवेचं आणि कूलंटचं तापमान जवळजवळ सारखंच हवं. हवा १० अंश दाखवत होती, कूलंट ५० च्या आसपास!

सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज आणि ओल होती. हा सेन्सर थंड असताना त्याचा रोध जास्त असतो, तापला की कमी होतो. १० अंशांना साधारण पावणेचार हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. ओलीमुळे त्याला समांतर हजारेक ओहमची गळती आहे असं धरा. थंडीत एकूण रोध आठशेच्या खाली येतो आणि इसीयूला वाटतं ५० अंश. पण ८० ला तीच गळती फारतर दहा अंशांचा फरक पाडते. म्हणून गरम इंजिनात काहीच कळत नाही. आणि ५० अंश हा आकडा अशक्य नाही, त्यामुळे चेक इंजिनचा दिवाही लागला नाही. इसीयू कोमट इंजिनाच्या हिशोबाने पेट्रोल देत होता आणि थंड इंजिन उपाशी राहत होतं.

कनेक्टर साफ केला, सेन्सर नवा टाकला. काही शे रुपयांत काम.

थंडीत दम जायचं कारण दर वेळी हेच असेल असं नाही. रबरी पाइप थंडीत आखडून हवा ओढतात, डिझेल गाडीत ग्लो प्लग गेलेला असू शकतो. पण पद्धत तीच: आजार दिसतो त्या वेळी मोजा, मग पार्ट विकत घ्या. (आणि गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवून तपासू नका. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.)

आता मेकॅनिकला शिव्या देणं सोपं आहे. पण विचार करा, त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली असती, पहाटे येऊन अर्धा तास आकडे बघितले असते आणि 'तपासणीचे आठशे' असं बिल लावलं असतं, तर आपण काय म्हटलं असतं? "केलं काय? नुसतं बघितलं तर आठशे?" तोच माणूस अडीच हजारांचा पंप बदलतो तेव्हा आपण निमूट देतो, कारण हातात जुना पंप मिळतो.

आपल्याला मात्र महिनाअखेर पगार मिळतो तो बराचसा 'नुसतं बघण्याचाच'. दोन दिवस लॉग वाचून एक ओळ बदलली तर मॅनेजर शाबासकी देतो. मग गॅरेजवाल्याला वेगळा न्याय का? पुढच्या वेळी गाडी देताना त्याला आधीच सांगा, "रात्रभर ठेवा, सकाळी थंड असताना बघा, बघण्याचे पैसे वेगळे देतो." बघा, पार्टची यादी किती लहान होते ते.