अर्ध्या पैशाचा हिशेब आणि वेबअसेंब्ली

भिवंडीत गैबीनगर, शांतीनगर, नारपोली किंवा पद्मानगर, कुठल्याही गल्लीत शिरा, लूमच्या खडखडाटाखाली एकच गणित चालू असते: मीटर किती निघाले आणि मीटरला किती पैसे. जॉबवर्कमध्ये सूत व्यापाऱ्याचे, लूम मालकाचे आणि हात कारीगराचे. व्यापारी मालकाला पिकाच्या हिशेबाने पैसे देतो आणि कारीगराची मजुरीही पिकावर किंवा मीटरवरच ठरते. ज्यांच्या घरात लूम नाही त्यांच्यासाठी सांगतो, कापडाच्या एका इंचात जितके आडवे धागे बसतात तितके त्याचे पिक. पिक जास्त म्हणजे कापड दाट, आणि तेवढेच कापड निघायला वेळही जास्त.

हे गणित मेहताजींच्या वहीत असते. मेहताजी प्रामाणिक असतात असेच धरू, पण वही त्यांच्याच हातात असते. कारीगराने ‘इतके कमी कसे?’ असे विचारले की वही उघडते, तिच्यावरून बोट फिरते आणि विषय संपतो. तुमच्या घरात डिप्लोमा किंवा बीएस्सी आयटी करणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर दोघांनाही दिसेल असे हिशेबाचे पान मोबाईलसाठी बनवणे त्यांच्या आवाक्यातले आहे. या वेळी ते पान वेबअसेंब्ली वापरून कसे बनवायचे आणि लोकांच्या हातात कसे द्यायचे, ते पाहू.

आधी वेबअसेंब्ली म्हणजे काय ते. डॉबी लावलेला लूम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लवकर कळेल. डॉबीच्या लाकडी पट्ट्यांवर खुंट्या असतात. जिथे खुंटी, तिथे ती चौकट उचलली जाते. जिथे नाही, तिथे खाली राहते. लूमला फुलपान कळत नाही, त्याला फक्त खुंटी आहे की नाही एवढेच कळते. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हेच काम भोके पाडलेल्या कार्डांवर आणले, आणि पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी तीच कार्डे योजली. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम हे असे विणकरांच्या घराण्यातलेच आहेत. वेबअसेंब्लीची फाईल म्हणजे असेच एक कार्ड. फरक एवढाच की एका लूमची डॉबी दुसऱ्याला बसेलच असे नाही, पण हे कार्ड क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज या सगळ्या ब्राउझरांवर तसेच्या तसे चालते. मग खाली अँड्रॉईडचा फोन असो वा ऑफिसातला जुना कॉम्प्युटर.

पूर्वी ब्राउझरला जावास्क्रिप्ट ही एकच भाषा येत असे. २०१५ मध्ये मोठ्या ब्राउझरांच्या कंपन्यांनी मिळून वेबअसेंब्ली जाहीर केली, २०१७ संपेपर्यंत ती चारही ब्राउझरांत आली, आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने तिला अधिकृत मानक केले. ऑटोकॅड आणि फिग्मासारखी जड कामे आज ब्राउझरात होतात ती हिच्याच जोरावर.

मजुरीच्या गुणाकाराला एवढी ताकद लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. साध्या जावास्क्रिप्टनेही हे पान बनते. तरीही वेबअसेंब्ली घेण्याला माझ्या मते दोन कारणे आहेत. आपल्या मुलांना कॉलेजात सी भाषा शिकवतात, आणि त्या सीचा परीक्षेपलीकडे काही उपयोग आहे हे त्यांना इथे दिसते. दुसरे कारण पैशांचे. जावास्क्रिप्टचा साधा आकडा दशांश चिन्हाचा असतो, आणि दशांश ०.१ मध्ये ०.२ मिळवले तर तिथे नेमके ०.३ येत नाहीत, शेपटाला बारीकसा कण चिकटतो. सीमध्ये पूर्णांकांत हिशेब ठेवला की तो कण येत नाही. पण मग भागाकारात उरलेले कुठे जाते, हे आपल्याला ठरवावे लागते. या पानातला खरा प्रश्न तिथे आहे.

उदाहरण घेऊ. लूमचा वेग मिनिटाला १२० पिक, लूम ८० टक्के वेळ चालू, कापड ५० पिकाचे. तासाला ७,२०० पिक, त्याचे ८० टक्के ५,७६०. त्याला ५० ने भागले की ११५.२ इंच. बारा तासांच्या पाळीत १,३८२ इंच, म्हणजे ३५ मीटर आणि वर थोडे. एक कारीगर सहा लूम सांभाळतो असे धरू: दिवसाला २१० मीटर, २६ दिवसांचे ५,४६० मीटर.

आता मजुरी. समजा दर पिकाला ४.५५ पैसे. दर आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे, बाजारभाव म्हणून कोणी धरू नये. ५० पिकाला मीटरमागे २२७.५ पैसे झाले. पूर्णांकांच्या भागाकारात शेवटचा अर्धा पैसा गळतो आणि मीटरचा दर २२७ होतो. ५,४६० मीटरचे ₹१२,३९४.२० झाले. तोच अर्धा पैसा शेवटपर्यंत सांभाळला तर ₹१२,४२१.५०. फरक ₹२७.३०. एका माणसाचा महिन्याचा चहासुद्धा त्यात होणार नाही, पण पन्नास कारीगर आणि बारा महिने धरा, १६ हजारांच्या पुढे जाते. यात कोणी चोरी केलेली नसते. कुणीतरी हिशेब लिहिताना आधी भागले आणि मग गुणले, एवढेच झालेले असते.

म्हणून नियम असा ठेवा: आत सगळा हिशेब पैशाच्या शंभराव्या भागात करायचा, म्हणजे २२७.५ पैसे हे २२,७५० असे लिहायचे. आधी मीटरने गुणायचे आणि अगदी शेवटी एकदाच भागून पैसे काढायचे. भागण्याआधी त्यात ५० मिळवले की अर्धा किंवा जास्त असेल तर वर, कमी असेल तर खाली असे गोल होते. गोल कसे करतो ते पानावरच एका ओळीत लिहून ठेवा. कारीगराला वाचता येवो न येवो, त्याच्या मुलांना येते.

इथे एक सापळा आहे. वेबअसेंब्लीत सीचा साधा इंट ३२ बिटांचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढा आकडा मावतो. आपण पैशाचे शंभर भाग केले आहेत, त्यामुळे ही मर्यादा ₹२,१४,७४८ वर येऊन थांबते. वरच्या उदाहरणातले सतरा कारीगर एकत्र जोडा, बेरीज बरोबर येते. अठरावा जोडला की ₹२,२३,५८७ च्या जागी उणे दोन लाख पाच हजार अशी बेरीज दिसू शकते. एका कारीगराच्या चाचणीत हे कधीच लक्षात येणार नाही. उपाय सोपा आहे, आतला हिशेब ‘लाँग लाँग’ या ६४ बिटांच्या प्रकारात ठेवायचा. नुसता ‘लाँग’ चालत नाही, इथे तोही ३२ बिटांचाच असतो. शेवटचे उत्तर पैशांत बाहेर द्यायचे, म्हणजे ते साध्या इंटमध्येही दोन कोटी चौदा लाखांपर्यंत मावते.

याच पानावर बाण्याच्या सुताचा हिशेबही ठेवता येईल. त्याची एक सोपी युक्ती आहे: पिकाला फणीतल्या इंचांनी गुणले की एक मीटर कापडाला किती मीटर बाणा लागतो ते थेट मिळते. ५० पिक आणि ५० इंच, म्हणजे २,५०० मीटर. सूत ७५ डेनियरचे असेल तर ९,००० मीटरचे वजन ७५ ग्रॅम, म्हणून एका मीटर कापडात जवळजवळ २१ ग्रॅम बाणा. वाया जाणारे सूत त्यावर वेगळे. व्यापाऱ्याने दिलेले सूत आणि परत गेलेले कापड यांच्या वजनावरून होणारे वाद या एका गुणाकाराने बरेच निवळतात.

हिशेबाच्या या दोन-तीन फंक्शनांची सी फाईल वेबअसेंब्लीत बदलायला एमस्क्रिप्टेन हे मोफत साधन आहे. डाऊनलोड मोठे आहे, मोबाईलच्या डेटावर सुरू करू नका. ते सीच्या फाईलवरून दोन फाईली देते: एक वेबअसेंब्लीची आणि एक तिला पानाशी जोडणारी जावास्क्रिप्टची. नवशिक्याला पहिला अडथळा इथे येतो. आपली फंक्शने सीमध्ये दुसरे कोणी बोलवत नाही, म्हणून एमस्क्रिप्टेन त्यांना बिनकामाची समजून काढून टाकते. ती ठेवायची आहेत असे नावानिशी सांगावे लागते, आणि जावास्क्रिप्टमधून बोलवताना नावाआधी अंडरस्कोर लागतो. दुसरा अडथळा पान उघडताना येतो. फाईलवर डबल क्लिक केले तर हिशेब चालत नाही, कारण ब्राउझर वेबअसेंब्लीची फाईल सर्व्हरकडूनच मागतो. कॉम्प्युटरवर पायथन असेल तर एका आज्ञेत छोटा सर्व्हर सुरू होतो.

दिसणारे पान मात्र एचटीएमएलचेच. वेबअसेंब्लीला फक्त आकडे कळतात, ‘मीटर’ आणि ‘मजुरी’ हे शब्द पानावर असतात. भिवंडीत ही फार सोयीची गोष्ट आहे. कोणी उर्दू वाचतो, कोणी हिंदी, कोणी मराठी, पद्मानगरात तेलुगू. शब्द बदलले तरी हिशेबाला हात लागत नाही. उर्दूच्या पानाला उजवीकडून डावीकडे अशी दिशा द्यायला विसरू नका. आणि हेही पाहा: कोणी देवनागरीत ५० लिहिले तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटत नाही, आणि तसाच तो वेबअसेंब्लीत गेला तर तिथे त्याचा मुकाट शून्य होतो. चुकीची सूचना येत नाही, मजुरी शून्य दिसते. तेव्हा देवनागरी आणि उर्दू अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्या, आणि रकाना रिकामा असेल तर उत्तर दाखवूच नका.

पान जगासमोर ठेवायला गिटहब पेजेस पुरते. उघड्या कोडसाठी ते फुकट आहे आणि पत्ता एचटीटीपीएसचा मिळतो. कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून त्यात कारीगरांची नावे किंवा कुणाच्या कारखान्याचे दर घालू नका, दर वापरणाऱ्यानेच भरावा. विंडोजवर नीट चाललेले पान तिथे गेल्यावर रिकामे दिसले तर बहुधा दोनपैकी एक झालेले असते. एक तर फाईलच्या नावात कुठेतरी मोठे अक्षर आहे आणि कोडमध्ये लहान. विंडोजला हा फरक चालतो, गिटहबला चालत नाही. नाहीतर फाईलचा पत्ता तिरप्या रेघेने सुरू केला आहे, आणि तिथे आपले पान एका फोल्डरच्या आत बसलेले असते.

कारखान्यात नेट असेलच असे नाही. त्यासाठी पानाला सर्व्हिस वर्कर नावाची छोटी जावास्क्रिप्ट जोडायची. पहिल्यांदा पान उघडले की ती सगळ्या फाईली फोनमध्ये साठवते, मग नेट नसले तरी हिशेब चालतो. पण तिचा उलटा त्रासही आहे. तुम्ही हिशेबात दुरुस्ती करून नवी फाईल चढवली आणि साठ्याचे नाव बदलले नाही, तर मालकाच्या नव्या फोनवर नवे उत्तर आणि कारीगराच्या फोनवर जुने उत्तर दिसेल. मेहताजींची वही निदान एकच होती. म्हणून पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक ठळक दाखवा आणि प्रत्येक बदलाला तो वाढवा.

कारीगर विचारतील की आमचे आकडे कुठे जातात. वेबअसेंब्लीला फोनमधले फोटो, नंबर, फाईली आपणहून दिसत नाहीत, पान जेवढे देईल तेवढेच तिला मिळते. पण जावास्क्रिप्ट नेटवर काहीही पाठवू शकते, त्यामुळे नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायला सांगू नका. त्यांच्यासमोर कोड उघडा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून हिशेब करून दाखवा.

लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याआधी मेहताजींकडून जुन्या दहा पावत्या मागून घ्या आणि एकेक आकडा पानावर टाकून ताडून पाहा. एखाद्या पावतीत रुपया-दोन रुपयांचा फरक येईल. तो नेमका कुठल्या ओळीत आला हे मेहताजींच्या शेजारी बसून शोधा, त्यांच्या पाठीमागे नव्हे. काही वेळा वही बरोबर निघेल, कारण तुटलेल्या बीमचे किंवा नमुन्याच्या कापडाचे मीटर वेगळ्या दराने धरायचे हे त्यांना ठाऊक असते आणि तुमच्या पानावर त्याचा रकानाच नसतो.