मुद्दल खाणारा संसार

धारवाडचे नाव ज्या प्राचीन खडकांस मिळाले, त्यांच्याच उदरात कोलारचे सोने व बल्लारीचे लोखंड. कोलारने सुमारे १२० वर्षांत ८०० टन सोने दिले. २००१ साली त्या खाणी बंद पडल्या. बल्लारीतील बेसुमार उपसा २०११ साली सर्वोच्च न्यायालयास थांबवावा लागला. तरीही स्वामित्वधन सरकारी जमाखर्चात उत्पन्न म्हणूनच मिरविते! वस्तुतः ती मुद्दलाची विक्री होय. १९५१ साली देशात ३६ कोटी वाटेकरी होते, २०११ साली १२१ कोटी झाले. भाव चढला म्हणजे साठ्याचे मूल्य फुगते. साठा वाढत नाही. म्हणून स्थिर भावाने काढलेला दरडोई खनिजसंपत्तीचा हिशेब सरकारने प्रतिवर्षी जनतेपुढे ठेवावा, अशी आमची मागणी आहे. नातवंडांच्या वाट्यास रिकामे खड्डे येता कामा नयेत.