प्रमेही रुग्णाच्या पानातील कोशिंबीर

प्रमेहाच्या रुग्णास आपण जे पथ्यपत्रक देतो, त्यात 'बटाटा वर्ज्य' एवढे दोनच शब्द असतात. परंतु एकादशीस घरातील सर्वांच्या पानात बटाट्याची दह्यातील कोशिंबीर वाढली जाते, तेव्हा या रुग्णाने काय खावे, याचे उत्तर पत्रकात सापडत नाही. असे पथ्य फार दिवस पाळले जात नाही, हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे. निषेधासमवेत पर्याय देणे हेही वैद्याचे कर्तव्य होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. संहिताकारांस तो ठाऊक नव्हता. त्याचे गुरु, मधुर व कफकर गुण आपण अनुमानानेच मानतो. आधुनिक आहारशास्त्रानुसार 100 ग्रॅम बटाट्यात सुमारे 15 ते 20 ग्रॅम कर्बोदके असतात. फ्लॉवरमध्ये ती 5 ग्रॅमच्या आसपास, तर दुध्यात 3 ग्रॅमच्या आसपास आढळतात. यास्तव हल्ली बटाट्याऐवजी फ्लॉवर वापरण्याचा प्रघात पडू लागला आहे. तो स्वागतार्ह असला, तरी वैद्याच्या दृष्टीने अपुरा आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात प्रमेहाची जी कारणे सांगितली, त्यांत दही स्पष्टपणे येते. भाजी बदलली आणि वाटीभर सायीचे दही तसेच राहिले, तर कफकर हेतू कायमच राहतो.

आम्ही पुढील कृती सुचवितो. उपवासाला पुष्कळ घरांत चालणारा कोवळा दुधी घ्यावा. प्रथम एक चकती चाखून पाहावी. कडू लागल्यास तो दुधी टाकूनच द्यावा, कारण कडू दुधी विषारी असू शकतो. दुधी सोलून, बारीक फोडी करून वाफवाव्यात व निथळून पूर्ण गार होऊ द्याव्यात. उष्ण दही शास्त्राने निषिद्ध मानले आहे. ताजे दही थोडे पाणी घालून घुसळावे, लोणी काढावे व ते दाटसर ताक फोडींवर घालावे. चमचाभर दाण्याचे कूट, मीठ, कोथिंबीर आणि तूप-जिरे-मिरचीची फोडणी एवढे पुरे. साखर घालू नये. उपवास नसेल त्या दिवशी हिंग व मिरपूड घालावी. ही कोशिंबीर दुपारच्या जेवणातच घ्यावी, रात्री नको.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. इन्शुलिन वा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना कर्बोदके एकाएकी घटवल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आहारातील असा बदल औषध देणाऱ्या चिकित्सकास कळवूनच करवावा.

औषधालयांच्या चालकांसही आमची विनंती आहे. प्रमेहाच्या औषधांसोबत अशा एखाद्या पाककृतीचा कागद रुग्णाच्या हाती द्यावा. त्यास खर्च फारसा येत नाही आणि घेतलेल्या औषधाचे चीज होते.