फॉरमॅट मारा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा!

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. ज्यांना माझ्या भांडणांची सवय आहे त्यांनी चहा घेऊन बसावं, लेख थोडा लांब आहे.

लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि काहीतरी बिनसलं, की आपल्याकडे चहूबाजूंनी एकच सल्ला येतो. ‘सरळ फॉरमॅट मारा!’ आवाज येत नाही? फॉरमॅट मारा. प्रिंटर दिसत नाही? फॉरमॅट मारा. मराठी उमटत नाही? अहो, कशाला डोकं लावता, फॉरमॅट मारा आणि नवं टाका. हा सल्ला देणारे बहुतेक माझ्याहून पन्नास वर्षांनी लहान आणि संगणकाच्या बाबतीत माझ्याहून कितीतरी हुशार आहेत. तरीही माझं म्हणणं असं, की हा सल्ला चुकीचा आहे, आळशी आहे, आणि देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला जास्त महागात पडतो.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. जुन्या मशीनांवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून आपल्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांनी लिनक्स टाकून घेतलं. छान झालं! पण त्यांचं पहिलं मोठं अपग्रेड अजून व्हायचंय, आणि ते होईल तेव्हा काही ना काही अडेलच. तेव्हा हा सल्ला त्यांच्या कानावर पडण्याआधी माझं ऐकावं, एवढीच इच्छा.

आधी साधा तर्क करून बघू. मी बी.ए. मराठीची, पण शाळेत शिक्षक कमी म्हणून सातवीपर्यंतचं गणितही शिकवलं आहे, तेवढ्या भांडवलावर.

अपग्रेडनंतर आलेला दोष तीनच ठिकाणी असू शकतो. एक, नव्या आवृत्तीतच आहे. दोन, तुमच्या जुन्या सेटिंगमध्ये आहे, जी नव्या आवृत्तीला पटत नाही. तीन, अपग्रेड अर्धवट झालं आहे. पहिल्या प्रकारात फॉरमॅट करून तीच आवृत्ती पुन्हा टाकलीत तर तोच दोष पुन्हा हजर! दुसऱ्या प्रकारात दोष तुमच्या खोलीत आहे आणि तुम्ही सगळी इमारत पाडताय. तिसऱ्या प्रकारात राहिलेलं काम पुरं करायचं असतं, आणि डेबियन-उबुंटूच्या घराण्यात तर बऱ्याचदा मशीन स्वतःच त्यासाठीची आज्ञा टर्मिनलमध्ये लिहून दाखवतं. अपग्रेड चालू असताना लाइट गेली, की आपल्याकडे हे हमखास होतं. पण समोर आलेला मजकूर वाचायचा असतो, हे कोणी सांगायचं? इंग्रजी चार ओळी दिसल्या की आपण खिडकी बंद करतो आणि दुकान गाठतो.

आमच्या शेजारच्या गृहस्थांची गोष्ट सांगते. नवी आवृत्ती चढवल्यावर त्यांच्या मशीनचा आवाज गेला. दुकानदाराने विचारलं, ‘काका, डेटा आहे का काही?’ काका म्हणाले, ‘नाही हो, विशेष काही नाही.’ त्यांच्या हिशेबी डेटा म्हणजे ऑफिसच्या फायली, आणि ते रिटायर होऊन बारा वर्षं झालेली. फॉरमॅट झालं. मशीन घरी आलं तरी आवाज नाहीच! शेवटी त्यांच्या सुनेने सेटिंगमध्ये पाहिलं. आवाज केबलमधून मॉनिटरकडे जात होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. यादीतलं दुसरं नाव निवडलं, आवाज सुरू. दोन मिनिटांचं काम. मग काकांना आठवलं, की आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी एका सुट्टीत ध्वनिमुद्रित करून त्याच मशीनवर ठेवल्या होत्या. आई आता नाही. ओव्याही गेल्या.

आईच्या आवाजाला ‘डेटा’ कोण म्हणतं हो? दुकानदाराने विचारलं नाही असं नाही, पण त्याने विचारलेला शब्द आणि काकांनी ऐकलेला शब्द यांची गाठच पडली नाही. आणि हे सगळं कशासाठी? ज्या दोषाला पुसण्याची गरजच नव्हती, त्याच्यासाठी.

आता कोणी म्हणेल, बाई, टीका सोपी आहे, दोष शोधायचा कसा ते सांगा. सांगते.

पहिली परीक्षा पेन ड्राइव्हची. नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता, ‘वापरून पाहा’ या पर्यायाने मशीन चालू करा. डिस्कला हात लागत नाही. फॉरमॅट केल्यावर साधारण काय मिळेल ते फॉरमॅट न करता इथेच दिसतं! दोष तिथेही असेल तर तो नव्या आवृत्तीत किंवा तिच्या तुमच्या मशीनशी असलेल्या जमण्यात आहे. नसेल तर तो तुमच्या डिस्कवर कुठेतरी आहे.

दुसरी परीक्षा नव्या खात्याची. मशीनवर एक कोरं यूजर खातं उघडा आणि तिथून तेच काम करून बघा. तिथे जमलं तर दोष तुमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. ती सेटिंग तुमच्या होम फोल्डरात, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांत असते. फाईलींच्या खिडकीत कंट्रोल आणि एच दाबलं की ती दिसतात. ज्या प्रोग्रामचं बिनसलंय त्याच्या फोल्डराचं फक्त नाव बदला, पुसू नका. प्रोग्राम कोरं फोल्डर स्वतः तयार करतो. नाही पटलं तर जुनं नाव परत द्या.

तिसरी परीक्षा जुन्या कर्नलची. स्क्रीन काळी पडत असेल, वायफाय गेलं असेल, तर मशीन सुरू होताना येणाऱ्या यादीतून आधीचा कर्नल निवडा. अपग्रेड झालं तरी तो बहुधा जागेवर असतो. त्याने चाललं तर बऱ्याचदा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयारच झालेला नसतो, विशेषतः एनव्हिडियाच्या कार्डांच्या बाबतीत.

पाहा, या तिन्ही परीक्षांत मी काय केलं? दरवेळी शंकेचा प्रदेश अर्धा केला. गणित चुकलं की मी मुलांना पहिल्यापासून पुन्हा मांडू देत नसे. मधल्या पायरीवर बोट ठेवायचं, इथवर बरोबर का? बरोबर असेल तर चूक खाली, नसेल तर वर. सगळं खोडून नवं पान घेणारी मुलं नव्या पानावरही तीच चूक करत.

आणि हे मास्तरकीचं खूळ समजू नका. खुद्द कर्नल लिहिणारे हेच करतात. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली ‘गिट’ नावाचं साधन तयार केलं, त्यात ‘बायसेक्ट’ म्हणून एक सोय आहे. कालची आवृत्ती चालत होती, आजची चालत नाही, मधे हजार बदल झाले. मग हे लोक हजार बदल वाचत बसत नाहीत. मधला बदल घेऊन बघतात, चालला तर पुढचा अर्धा भाग, नाही तर मागचा. हजारातून दोषी बदल दहाएक फेऱ्यांत हाती लागतो. दोनाचा पाढा दहा वेळा गुणून पाहा, १०२४ येतात!

उबुंटूचंच उदाहरण घ्या. त्यांची २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली. २२.०४ वाल्यांना तिच्यावर जाण्याचं आमंत्रण २४.०४.१ निघाल्यावर, म्हणजे ऑगस्टअखेर, मिळायला लागलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच त्यांनी ते थांबवलं, कारण अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रामातच गंभीर दोष सापडला होता. दोष काढून मग वाट पुन्हा उघडली. ‘सगळ्यांनी फॉरमॅट मारा’ असं त्यांनी जाहीर केलं नाही.

माझं स्वतःचं उदाहरणही देते. अपग्रेडनंतर माझं मराठी टायपिंग एका निरोपांच्या प्रोग्रामात बंद पडलं. भाच्याचा फोन, ‘अगं आत्या, एवढं काय, फॉरमॅट मार ना!’ मी लिहिण्याच्या प्रोग्रामात बघितलं, तिथे मराठी व्यवस्थित, अगदी ‘दऱ्या’मधला र सुद्धा. म्हणजे कीबोर्ड बरा, फॉन्ट बरा. मग बाहेर पडून लॉगिनच्या पडद्यावरून जुन्या एक्सचं सत्र निवडलं. निरोपांतही मराठी उमटलं! म्हणजे गाठ सापडली.

ही गाठ काय आहे ते समजून घेण्यासारखं आहे. पडद्यावर खिडक्या काढणारी एक्स ही व्यवस्था १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जन्माला आली. तिच्यात कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीतल्या कळा ऐकू शकतो. वाड्यातल्या एकाच ओसरीसारखा कारभार. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने प्रत्येकाला स्वतंत्र खोली दिली. सुरक्षित झालं, पण ओसरीवरून चालणाऱ्या जुन्या गोष्टी अडल्या. पडदा दुसऱ्याला दाखवणं अडलं, कळांची अदलाबदल करणारी जुनी साधनं अडली, आणि काही प्रोग्रामांत आपलं मराठीही अडलं. मराठी लिहिण्याच्या वाटा दोन. आयबसमधून गेलात तर प्रत्येक प्रोग्रामाला आयबसशी बोलता यावं लागतं. सेटिंगमधून थेट मराठी इनस्क्रिप्टचा कीबोर्ड निवडलात तर कळेतून अक्षरच येतं, प्रोग्रामाला काही कळावं लागत नाही. मी दुसरी वाट घेतली आणि प्रश्न मिटला. भाच्याचं ऐकून फॉरमॅट केलं असतं तर तीच नवी आवृत्ती, तोच वेलँड आणि तोच अडलेला प्रोग्राम पुन्हा समोर आला असता.

आता आक्षेपांकडे वळते.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ फॉरमॅटला तासभर लागतो हे खरं. पण त्यानंतर प्रिंटर जोडणं, पासवर्ड शोधणं, खुणा केलेली पानं पुन्हा गोळा करणं, फॉन्ट टाकणं, यात आठवडा जातो. तो वेळ सल्ला देणाऱ्याचा नसतो, म्हणून तो मोजला जात नाही.

‘फुकट मिळालंय, चालेल तसं चालवा.’ इथे मला खरा राग येतो. लिनक्स फुकट आहे ते हजारो लोकांच्या कष्टावर, आणि त्या कष्टाची परतफेड आपल्यासारख्यांनी करायची एकच रीत आहे. दोष नीट पाहायचा आणि करणाऱ्यांना कळवायचा. कुठली आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. चार ओळी पुरतात, आणि त्यांतून दुरुस्ती झाली तर ती जगभर सगळ्यांना मिळते. फॉरमॅट करणारा माणूस म्हणजे पंचनाम्याआधी घर सारवून घेणारा. पुरावा गेला, दोष तसाच राहिला आणि पुढच्या घरी जाऊन बसला.

‘या वयात तुम्हाला हे कळतं, आम्हाला कसं कळणार?’ असं मला माझ्याच वयाच्या मैत्रिणी म्हणतात. अगं, मिक्सर बंद पडला तर आपण आधी दुसऱ्या प्लगमध्ये लावून बघतो ना? तेच आहे हे.

न्यायाने बोलायचं तर फॉरमॅटची वेळ कधी येतच नाही असं मी म्हणत नाही. डिस्कच मरायला टेकली असेल तर ती बदलून नवं टाकावंच लागेल. आवृत्ती इतकी जुनी असेल की मधे तीनचार पायऱ्या चढाव्या लागतील, तर नव्याने टाकणं शहाणपणाचं. पण तो शोधाअंती घेतलेला निर्णय असावा, शोध टाळण्याची पळवाट नसावी. आणि दोन्ही वेळी आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर, हे वेगळं सांगायला नको. ‘डेटा आहे का’ असं विचारू नका. ‘फोटो आहेत का, आवाज आहेत का, कुणाची पत्रं आहेत का’ असं विचारा.

तेव्हा माझ्या सर्व भाच्यांना, पुतण्यांना आणि नातवंडांना आत्याची, काकूची आणि आजीची कडक सूचना. यापुढे घरातल्या कुणाचं मशीन अडलं की ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. काय चालतंय? काय चालत नाही? शेवटचं काय बदललं? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत कोणीही काहीही पुसायचं नाही.

असो. बाकी भांडण प्रतिक्रियांमध्ये करू.