मत्सराची कुजबुज

"थोडा मत्सर हवाच हो, त्याशिवाय माणूस पुढे जात नाही." साहित्यिक कार्यक्रम संपल्यावर चहाच्या कपाभोवती जी मंडळी जमतात, त्यांच्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याचं जुळं भावंड घराघरांत नांदतं : "संशय घेतो म्हणजे प्रेम आहे त्याचं." माझ्या मते ही दोन्ही वाक्यं साफ खोटी आहेत, आणि दोन्हींनी आपलं भरपूर नुकसान केलंय.

आधी शब्दांचं बघू. मराठीत हेवा आहे, मत्सर आहे, असूया आहे. हेवा तोंडावर सांगता येतो. "काय सुंदर लिहिलंयस, हेवा वाटतो तुझा," असं म्हटलं तर समोरचा खूश होतो. पण "तुझा मत्सर वाटतो" असं कुणी कुणाला म्हटल्याचं ऐकलंय? अमरकोशात मत्सराचा अर्थ दिलाय तो दुसऱ्याच्या चांगल्याचा द्वेष. आणि असूया म्हणजे गुणांवरसुद्धा दोषाचा आरोप करणं. किती नेमकं! दोष असतील ते दाखवणं ही टीका. जे मुळात चांगलं आहे त्यालाच दोष ठरवणं ही असूया. आपल्याकडे मुलींचं नाव अनसूया ठेवतात, ते काही उगाच नाही.

मत्सर लांबच्या माणसाचा होत नाही. अ‍ॅरिस्टॉटलनेही लिहून ठेवलंय की माणूस मत्सर करतो तो काळाने, ठिकाणाने, वयाने जवळच्यांचा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे समजायला अ‍ॅरिस्टॉटल लागत नाही, धुरा पुरतो. धुरा म्हणजे शेताचा बांध. मुंबईच्या शेठने किती कोटी कमावले याने इथे कुणाची झोप उडत नाही. धुऱ्यापलीकडच्या चुलत भावाला एकरी दोन क्विंटल कापूस जास्त झाला की मात्र उडते. मग त्याने बियाणं कुठलं घेतलं, फवारणी कधी केली, हे विचारायचं सोडून "चोरून पाणी घेतो" अशी कुजबुज सुरू होते. पुढे नांगराच्या एका तासावरून दोन पिढ्या तारखा करतात. यात जमीन जाते, पैसा जातो, पण सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच असतं. पलीकडचं शहाणपण धुरा ओलांडून अलीकडे येत नाही. मत्सर माणसाला पुढे नेतो म्हणणाऱ्यांनी एकदा असा धुरा बघून यावा.

आता संशय आणि प्रेम. गोविंद बल्लाळ देवलांनी एकाच विषयावर दोन टोकांची नाटकं दिली. 1890 मध्ये 'झुंझारराव', म्हणजे शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा मराठी अवतार. आणि 1916 मध्ये रंगभूमीवर आलेलं 'संगीत संशयकल्लोळ'. दोन्हीकडे संशयी नवरा, दोन्हीकडे निर्दोष बायको. मग एकीकडे कमळजेचा जीव का जातो आणि दुसरीकडे प्रेक्षक पोट धरून का हसतात? माझं उत्तर असं : फाल्गुनराव आणि कृत्तिका आपला संशय घरभर ओरडत सुटतात. एका तसबिरीवरून आकांडतांडव करतात, चारचौघांत शोभा होते, पण सगळं उघड असल्यामुळे शेवटी गुंता सुटतो. झुंझाररावाच्या कानात मात्र कुणीतरी कुजबुजतं, आणि तो ती कुजबुज मनात पोसतो. बायकोला वेळेवर सरळ विचारत नाही. विचारतो तेव्हा निकाल आधीच ठरलेला असतो. संशयाला प्रेमाची खूण म्हणणाऱ्यांनो, ती खूण कमळजेच्या गळ्यावर उमटली होती!

साहित्यातही हेच आहे. परंपरा सांगते की रामेश्वरभटांनी तुकोबांना उघड विरोध केला आणि गाथा इंद्रायणीत गेली. तो विरोध अन्यायाचाच होता. पण तो समोरून आला होता, म्हणून रामेश्वरभटांना समोरूनच बदलताही आलं. पुढे त्यांनीच तुकोबांची आरती लिहिली. दुसरीकडे सालोमालो. तुकोबांच्या अभंगांत आपलं नाव घुसडणारा, आड राहून डल्ला मारणारा. त्याची आठवण आज कशासाठी उरली आहे? फक्त त्या चोरीसाठी.

काही जण इथे मोझार्ट आणि सालिएरीचं उदाहरण देतात. 1984 चा 'अमेडियस' सिनेमा बघितलेला असतो. पण सालिएरीने मोझार्टवर विषप्रयोग केला याला पुरावा नाही. उलट मोझार्टच्या धाकट्या मुलाला त्याने संगीत शिकवलं. विषाची ती कथा म्हणजे निव्वळ कुजबुज. 1830 मध्ये पुश्किनने तिच्यावर नाटिका लिहिली आणि कुजबुजीला अमरत्व मिळालं. म्हणजे ज्या माणसाला आपण मत्सराचं प्रतीक मानतो, तोच खरं तर कुजबुजीचा बळी!

आता आपल्या घरात येऊ. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची निवड वर्षानुवर्षं हजाराच्या आसपास मतदार करायचे. 1992 च्या कोल्हापूर संमेलनासाठी इंदिरा संत उभ्या होत्या, निवडून आले रमेश मंत्री. कुणी कुणाला का मत दिलं, हे मतपेटीत बंद. दोष मंत्र्यांचा नाही. पण अशा निवडणुकांत कवितेबद्दल कमी आणि कवीबद्दल जास्त बोललं जायचं, तेही फोनवर, हळू आवाजात. 2018 मध्ये महामंडळाने घटना बदलून निवडणूक बंद केली. सन्मानाने निवडलेल्या पहिल्या अध्यक्ष अरुणा ढेरे, आणि ते संमेलन, 92 वं, 11 ते 13 जानेवारी 2019 ला आमच्या यवतमाळात भरलं. 1973 मध्ये गदिमा अध्यक्ष असतानाच्या संमेलनानंतर शेहेचाळीस वर्षांनी! वाटलं, आता तरी कुजबुज थांबेल.

कसली थांबते? उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण ऐनवेळी रद्द झालं. त्यामागे मत्सर नव्हता, भीती होती. पण त्यानंतर जे सुरू झालं ती शंभर टक्के असूया होती. ज्यांनी निषेध म्हणून येणं नाकारलं, त्यांच्याबद्दल "प्रसिद्धी हवी आहे" असं ऐकलं. जे आले, त्यांच्याबद्दल "मानाला हपापलेत". अरुणाताईंनी अध्यक्षपदावरून झाल्या प्रकाराची कानउघाडणी केली, तर "आता सुचलं!" आणि शेतकरी आत्महत्येनंतर घर सावरणाऱ्या, आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा "यांचा साहित्याशी काय संबंध?" असं विचारणारेही भेटले. या जिल्ह्याचं दुःख ज्यांच्या अंगावरून गेलंय त्यांचा संबंध नाही, तर मग कुणाचा? यातलं जवळजवळ काहीही कुणी माइकवर बोललं नाही. सगळं मांडवाच्या मागे.

म्हणून म्हणतो, निवडीचा नियम बदलून हा रोग जाणार नाही. हजार जणांची कुजबुज फार तर एका खोलीतली कुजबुज होईल. आपल्याकडे पुस्तकं वाईट परीक्षणाने मरत नाहीत, मौनाने मरतात. समकालीनाचं पुस्तक आवडलं तरी लिहायचं नाही, नाही आवडलं तरी लिहायचं नाही, फक्त "त्याचं काय, ओळखी आहेत" एवढं म्हणायचं. नवऱ्याने बायकोच्या यशाबद्दल घरात अवाक्षर न काढणं आणि कवीने कवीच्या पुस्तकाबद्दल गप्प राहणं, यात मला तरी फरक दिसत नाही.

उपाय एकच दिसतो. आवडलं तर नावानिशी सांगा. नाही आवडलं तर तेही नावानिशी, कारणं देऊन सांगा. आणि हेवा वाटला तर तोंडावर कबूल करा. उघड बोललेल्या हेव्याचं फार तर संशयकल्लोळ होतं, लोक हसतात आणि घरी जातात. दाबलेल्या मत्सराचं काय होतं, ते देवलांनी 1890 मध्येच दाखवून ठेवलंय.

असो. हे ज्यांना झोंबेल, त्यांनी जरूर भांडावं. फक्त मोठ्याने भांडावं, एवढीच विनंती.